वहिनीचं दूध आणि आईची पारख

माझ्या आईला दुधातलं कळतं, हे आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. एकतीस वर्षं तिनं दुधाचं दुकान चालवलं. सगळे तिला दूधकाकूच म्हणायचे, तिचं खरं नाव विचारलं असतं तर गल्लीतल्या निम्म्या लोकांना सांगता आलं नसतं. सकाळी कॅन आला की झाकण उघडून आधी वास घ्यायची, मग एक थेंब अंगठ्याच्या नखावर. थेंब उभा राहिला तर चाखून कॅन आत, घरंगळला तर कॅन परत. दूध घालणारा शपथा घ्यायचा, पोराबाळांची आण घ्यायचा. आई म्हणायची, "तू बोलशील रे खोटं, दूध नाही बोलत." आणि कॅन पायानं बाहेर सरकवायची.

गुडघे गेले तसं दुकान बंद केलं. तरी लोक पातेली घेऊन दारात यायचेच. काकू, बघा हो, चहाला चालेल का? काकू, रात्री फ्रिज बंद पडला होता, ठेवू की टाकू? ती खुर्चीतूनच नुसता वास घेऊन निकाल द्यायची. तिला त्याचा माज होता, खोटं कशाला बोलू? एकतीस वर्षांत एकदाही न चुकलेल्या माणसाला थोडा माज यायचाच. मला तर तो आवडायचा. नवऱ्याशी पटेना म्हणून मी माहेरी परत आले, तेव्हा नातेवाइकांची तोंडं तिनं त्याच माजावर बंद केली होती. मी वरच्या खोलीत राहते, बस डेपोत तिकीट खिडकीवर बसते. खाली आई, दादा आणि वहिनी.

दादा ट्रकवर असतो. महिन्यातले आठ दिवस घरी, बाकीचे रस्त्यावर. वहिनी शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवते. तिच्या हातून एका पाळीत तीनशे कॉलर जातात आणि ती एकही शर्ट पूर्ण झालेला बघत नाही, असं तीच हसून सांगते. बोलायला कमी, पण बोलली की नेमकं. लग्नानंतर सहा वर्षांनी तिला मुलगा झाला. पोरगं मोठं निवांत. पिता पिता मध्येच थांबायचं, छताकडे बघायचं, मग सावकाश पुन्हा तोंड लावायचं. आई म्हणायची, "शेठ विचार करतायत, गडबड करू नका." तेव्हापासून तो शेठच झाला.

दहा आठवड्यांनी वहिनीची रजा संपली. कारखान्यात कॉलरच्या मशीनवर बसायला बायका रांगेत उभ्या, एक दिवस जास्त मागायची सोय नाही. पण तिनं आधीच सगळं ठरवून ठेवलं होतं. दवाखान्यातल्या नर्सबाईंकडे दोनदा जाऊन आली होती. पहाटे, संध्याकाळी आणि रात्री अंगावर पाजायचं. दिवसा बाटली, पण बाटलीतही तिचंच दूध. कारखान्यात दोनदा काढायचं, बर्फाच्या डब्यात घालून घरी आणायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी आईनं पाजायचं. बाटलीचं चोखायचं रबरी बूच बारीक भोकाचं, म्हणजे त्याला अंगावर प्यायला लागते तेवढीच मेहनत इथेही पडेल. बाटली आडवी धरायची, मध्येमध्ये थांबायचं.

"ताई, मला एवढंच हवंय," ती मला म्हणाली, "संध्याकाळी मी दारात आले की त्यानं माझ्याकडे यावं. दिवस गेला तर गेला, संध्याकाळ माझी राहू दे."

आईला तिनं समजावून सांगितलं. दूध उकळायचं नाही, गरम पाण्यात बाटली नुसती उभी करायची. आई फिस्सकन हसली. "अगं, तू मला दूध शिकवतेस?" वहिनीही हसली. त्या घरात दुधाबद्दल आईला काही सांगायचं म्हणजे काय! पुढचं सांगायचं तिथंच राहून गेलं.

कारखान्यात दूध काढायला वेगळी खोली कुठून असणार! कापडाच्या चिंध्या ठेवतात त्या खोलीत, गठ्ठ्यांच्या मागे, एक उलटी बादली घेऊन ती बसायची. दाराला कडी नाही, म्हणून शेजारच्या मशीनवरची बाई पाठ लावून उभी राहायची. वीस मिनिटांच्या सुट्टीत हातपंपानं दोन्ही बाजू काढायच्या, पंप धुवायचा आणि उरलेल्या चार मिनिटांत जेवायचं. मुकादम बाहेरून ओरडायचा, "गोठा सुरू झाला का?" तिनं हे मला सांगितलं तेव्हा मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ती म्हणाली, "ओरडू दे हो. माझ्या दोन बाटल्या भरतात ना!"

रोज संध्याकाळी त्या दोन बाटल्या फ्रिजच्या कप्प्यात ठेवायची. वर कागदाची पट्टी, तिच्यावर पाजायचा वार. सोमवार. मंगळवार.

पहिला आठवडा मला काही जाणवलं नाही. दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळी खालून रडणं ऐकू यायला लागलं. शेठ कधी असा रडत नसे. मी खाली गेले तर वहिनी भिंतीला टेकून बसलेली, पोर मांडीवर धनुष्यासारखं ताणलेलं. तोंड लावायचं, दोन घोट ओढायचं, चिडून सोडून द्यायचं, मुठी आपटायचं. वहिनीनं बाजू बदलली. उभी राहून पाहिलं. शेवटी आईनं बाटली आणून दिली, तशी त्यानं घटाघटा संपवली.

"भूक होती गं त्याला," आई म्हणाली.

वहिनीनं कपडे सारखे केले. "माझ्याकडे भरलेलं आहे, आई," ती म्हणाली.

तिसऱ्या आठवड्यात दवाखान्यात वजन केलं. वाढायला हवं होतं, ते दीडशे ग्रॅमनं उतरलं होतं. नर्सबाईंनी विचारलं, किती वेळा पाजता, काय पाजता? वहिनीनं सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, मग असं व्हायला नको, पुढच्या आठवड्यात पुन्हा आणा. त्या दिवसापासून वहिनी कारखान्यात वीस मिनिटं आधी जायला लागली, तिसरी बाटली काढायला. भूक नसली तरी जेवायची. पाणी तर तांब्यामागून तांब्या. उजव्या बाजूला गाठ आली, ताप भरला. तापातच तीनशे कॉलर. मी म्हटलं, "अगं, मरशील." ती म्हणाली, "माझंच दूध कमी कसाचं असणार, ताई. नाहीतर पोर का उतरेल?"

त्याच आठवड्यात मला मुंग्या दिसल्या.

मागच्या अंगणात आईची एक मोठी कुंडी आहे, जास्वंदीची. शनिवारी मला सुट्टी, वहिनी कारखान्यात, कपडे वाळत घालायला गेले तर कुंडीत काळी माती दिसेना, एवढ्या मुंग्या. जवळ जाऊन पाहिलं. मातीवर पांढरट साका, आंबूस वास. दुधाचं माणूस दूध मोरीत ओतत नाही, आईचा तो नियमच होता. उरलं, नासलं तर झाडाच्या मुळाशी. पण आमच्या घरात दूध उरतं कुठं?

मी फ्रिज उघडला. आत शनिवारच्या बाटल्या भरलेल्याच, आणि ओट्यावर वहिनीच्या शुक्रवारच्या बाटल्या विसळून पालथ्या घातल्या होत्या. शेगडीवर छोट्या पातेल्यात गाईचं दूध होतं, निम्मं पाणी घातलेलं, आणि बाजूला दुसरंच बूच, त्याचं भोक सुईनं मोठं केलेलं.

"आई, हे काय आहे?"

आईनं आधी दार लोटलं. मग फ्रिजमधली शनिवारची बाटली काढून माझ्या पुढ्यात धरली. "तूच बघ. माझ्यावर नको विश्वास ठेवूस."

मी पाहिलं. वर पिवळसर जाड थर, खाली निळसर पातळ पाणी. झाकण काढलं तर साबणासारखा वास. आईनं एक थेंब नखावर घेतला. लगेच घरंगळला.

"नासलंय," ती हळूच म्हणाली. "रोजचं असंच असतं. पहिल्या दिवशी मला वाटलं, डब्यात गरम झालं असेल. मग मुद्दाम ताजं पाहिलं. तेही असंच पातळ, निळं. कसच नाही गं तिच्या दुधात. एखादीचं असतं असं. हे लेकराच्या पोटात घालू मी?"

"तिला सांगायचं ना मग!"

"काय सांगू? सहा वर्षांनी पोर झालं, जीव तोडून काढून आणते, तिला म्हणू तुझं दूध खराब आहे? मन मोडेल तिचं. आपलं गप्प द्यावं गाईचं. मी तुला आणि दादाला तेच पाजलं, मेलात का?"

आता खरी गोष्ट सांगते, कारण इथं आईवर सगळं ढकलून मी सुटणार नाही. मला पटलं. अहो, एकतीस वर्षांची पारख! तिनं नासलं म्हटलेलं दूध कधी चांगलं निघालेलं मी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, बिचारी वहिनी. मी कपडे वाळत घातले आणि वर निघून गेले. आठ दिवस मी तोंड मिटून बसले. रोज संध्याकाळी ती डबा छातीशी धरून बसमधून उतरायची. मी तिकीट खिडकीवरून बघायची, आणि गप्प.

नवव्या दिवशी शेठला जुलाब सुरू झाले. दुपारपर्यंत चार, मग मोजायचं सोडलं. ओकारी. आईनं मला डेपोत फोन केला. मी पोचले तेव्हा त्याचे डोळे आत गेले होते आणि तो रडत नव्हता. रडत असता तर मला बरं वाटलं असतं. रिक्षातून वहिनीला कारखान्यात फोन लावला. ती तशीच निघाली, काढलेली बाटली हातात घेऊन.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी त्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती बसायला वेळ लागला. हाताला शीर सापडेना, शेवटी सुई डोक्यात लावली. वहिनी ते बघत उभी राहिली. मी भिंतीकडे तोंड केलं.

"काय पाजता बाळाला?"

"माझंच," वहिनी म्हणाली. "फक्त माझं. अंगावर आणि बाटलीत."

"दुसरं काहीच नाही? पाणी, बाहेरचं दूध?"

"थेंबही नाही." तिनं हे इतकं ठाम सांगितलं की डॉक्टरबाईंनी कागदावर तसंच लिहिलं. मग म्हणाल्या, "मग दुसरं काही शोधावं लागेल. रक्त घ्या, मोठ्या तपासण्या लावा."

मी आईकडे पाहिलं. ती बाकावर बसलेली, पिशवीचे बंद दोन्ही हातांनी धरून. तोंड उघडलं तिनं. मी दोन श्वास वाट पाहिली. मला वाटलं होतं ती बोलेल. इतकी वर्षं खोट्या दुधवाल्यांना दारातून हाकललेली बाई.

"गाईचं दूध," मी म्हणाले. "निम्मं पाणी घालून. तीन आठवडे झाले, जास्तच."

डॉक्टरबाईंनी आधीची ओळ खोडली. त्यांना रागवायलाही वेळ नव्हता. मोठ्या तपासण्या थांबवल्या, सलाईन बदललं, नर्सला दोन औषधांची नावं सांगितली. एवढ्या लहान पोटाला ते पचत नाही आणि पाण्यानं त्याचा जीव धरत नाही, एवढंच जाता जाता म्हणाल्या. वहिनी माझ्याकडे बघत होती. तिला अजून उमगलं नव्हतं.

"आणि माझं?" तिनं विचारलं. "माझ्या बाटल्या?"

"मी ओतल्या," आई म्हणाली. "नासल्या होत्या गं. रोज फाटलेलं असायचं."

वहिनीच्या हातातली बाटली नर्सबाईंनी घेतली. कारखान्यातून येईतो वर थर धरायला लागला होता. बाईंनी ती हळूच गोल फिरवली, दोनदा, तीनदा. थर विरघळून गेला. बाटलीत एकसारखं पांढरं दूध.

"आईचं दूध असंच दिसतं, आजी," त्या म्हणाल्या. त्यांना बिचाऱ्यांना आईच्या धंद्याचं काही माहीत नव्हतं, त्या नेहमीच्या समजुतीच्या सुरात बोलल्या. "पातळ, निळसर, ठेवलं की साय वर येते. कधी साबणासारखा वासही येतो. खराब नसतं ते. गाईच्या दुधाची पारख याला लावायची नाही."

आई त्या बाटलीकडे बघत राहिली. "एवढंच?" ती म्हणाली. "फिरवायचं एवढंच?"

वहिनीनं बाटली परत घेतली. झाकणात थोडं ओतलं आणि आईच्या समोर धरलं.

"चाखा."

"अगं..."

"जन्मभर लोकांचं दूध चाखलंत. माझं नुसतं नखावर घेतलंत. चाखा."

आईनं झाकण तोंडाला लावलं. मी आईला माझ्या बापाच्या मरणातही भर माणसांत रडताना पाहिलं नव्हतं. तिनं तो घोट गिळला आणि तिचा खालचा ओठ लटलट हलायला लागला. "गोड आहे," ती म्हणाली. वहिनीनं झाकण घेतलं, बेसिनवर जाऊन धुतलं, बाटलीला लावलं आणि पोराच्या खाटेशी जाऊन बसली.

सहा दिवस तो तिथं होता. तिसऱ्या दिवशी रडला. तेव्हा मात्र मी संडासात जाऊन मनसोक्त रडून घेतलं. वहिनीचं दूध चमच्यानं, मग बारीक भोकाच्या बाटलीनं द्यायला सुरुवात केली. पण अंगावर घेईना. नर्सबाईंनी सगळे उपाय केले. उघड्या छातीवर झोपवलं, अर्धवट झोपेत लावून पाहिलं, आधी थोडं काढून धार सुरू करून दिली. इतक्या दिवसांत त्याला मोठ्या भोकाची सवय झाली होती, तोंडात आपोआप पडायचं. आता ओढायचं कशाला, असं त्याला वाटत असणार. तान्ह्या जिवाला काय दोष देणार? वहिनीचं दूधही धास्तीनं आणि तापानं निम्म्यावर आलं. तिसऱ्या बाटलीचं तर नावच नको. दुसरीही भरेना, उरलेली भर डॉक्टरबाईंनी लिहून दिलेल्या डब्यातल्या पावडरनं.

दादाचा रोज फोन यायचा. दोन राज्यांपलीकडे अडकला होता. आईला काय बोलायचं ते तो फोनवरच बोलला. मी ते इथं सांगणार नाही. आईनं ऐकून घेतलं. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी समोरच्या काकू पातेलं घेऊन आल्या, जरा बघता का म्हणून. आई म्हणाली, "मला नाही कळत त्यातलं," आणि दार लावून घेतलं. काकूंना वाटलं, आजारी असेल.

पोर दिवसातून एकदा अंगावर घ्यायला लागलं, पहाटे, डोळे मिटलेले असताना. जागं झालं की सोडायचं. संध्याकाळी तर तोंडच फिरवायचं. वहिनी रोज संध्याकाळी लावून बघायची. तो ताणायचा, ओरडायचा. मग ती बाटली घ्यायची, आडवी धरायची, मध्येमध्ये थांबायची, जशी शिकवली होती तशी. मी तिला म्हटलं, तू आईला काही बोलत कशी नाहीस? बोल. भांड. मलाही बोल, मी आठ दिवस गिळून बसले होते. ती म्हणाली, "भांडून झाल्यावर कुठं जाऊ, ताई?"

मी माझी रजा घालवली, सांभाळलं पोराला. माझी रजा ती किती असणार? गल्लीत सांभाळणारी एक बाई होती, तिच्याकडे आधीच पाच पोरं, दार बाहेरून लावून बाजारात जाणारी. वहिनी जाऊन बघून आली, नको म्हणाली आणि चपला काढून बसली. कारखान्यानं निरोप पाठवला, सोमवारी मशीनवर नसलीस तर दुसरी बसेल.

सोमवारी सकाळी मी डेपोत जायला खाली उतरले. वहिनी तयार होती, खांद्याला पिशवी, हातात बर्फाचा डबा. आई कोपऱ्यात खुर्चीवर. दवाखान्यातून आल्यापासून तिनं पोराला हात लावला नव्हता, कोणी म्हटलं नव्हतं आणि तिनंही मागितलं नव्हतं. वहिनी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि शेठला तिच्या मांडीवर ठेवलं.

आईचे हात वर आले आणि हवेतच थांबले. "माझ्याकडे नको गं," ती म्हणाली. "मला भीती वाटते. दुसऱ्या कोणाकडे तरी ठेव."

"दुसरं कोण आहे मला?" वहिनी म्हणाली. आवाज चढला नव्हता, त्यात मायाही नव्हती. "फ्रिजमध्ये दोन बाटल्या आहेत. गरम पाण्यात उभ्या करा. फिरवा. आणि शेवटचा थेंब त्याच्या तोंडात गेल्याशिवाय बाटली खाली ठेवू नका. रात्री मी धुवायच्या आधी बघणार आहे."

"बघ," आई म्हणाली. "रोज बघ."

बसची वेळ झाली होती. वहिनीनं पोराकडे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिचा पाय निघाला नसता, एवढं मला कळत होतं. ती दाराबाहेर पडली. आईनं दोन्ही हात पोराभोवती घातले आणि मला म्हणाली, "तू जाऊ नकोस, पहिली बाटली होईपर्यंत थांब. मी चुकले तर मला सांग." मी डेपोत फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसले.